सरहद्दीवरील स्वाऱ्या आणि सुरतेचे सावकार

रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे गाव आचार्य विनोबा भावे यांचे जन्मस्थान म्हणून साऱ्या देशाला परिचित आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी या गावी जन्मलेल्या विनोबांनी अहिंसा आणि अपरिग्रह ही तत्त्वे आपल्या आचरणातून पुढच्या पिढ्यांसमोर ठेवली. जैन समाजाला ही दोन्ही तत्त्वे घरचीच असल्यामुळे गागोद्याविषयी वाटणारा जिव्हाळा स्वाभाविक आहे. परंतु ज्या मुलखात हे गाव वसले आहे तो मुलूख सतराव्या शतकात शांततेचा नव्हता. एका बाजूस सह्याद्रीचे घाट, दुसऱ्या बाजूस खाडी आणि मिठागरे, अशा या चिंचोळ्या पट्ट्यातून मोगल, आदिलशाही, सिद्दी, पोर्तुगीज आणि मराठे या सर्वांच्या सत्तेच्या रेषा एकमेकींना छेदत गेल्या होत्या. या रेषांवरील संघर्षात व्यापारी समाजाच्या वाट्याला काय आले, हा विषय स्मरणिकेच्या पानांवर यावा असाच आहे. त्यातील एक प्रकरण थेट आपल्या समाजाच्या इतिहासाशी जोडलेले असून त्याविषयी सहसा मोकळेपणाने बोलले जात नाही.

१६३६ मध्ये निजामशाही संपली आणि तिचा मुलूख मोगल व आदिलशहा यांनी वाटून घेतला. जुन्नर व अहमदनगर मोगलांकडे गेले, तर पुणे प्रांत आणि कल्याणसह उत्तर कोकण विजापूरकरांकडे आले. शिवाजी महाराजांनी स्वराज्याचा पाया घातला तो याच वाटणीच्या सीमेलगत. शेजारची सत्ता किती बलाढ्य होती हे समजण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे. शाहजहानच्या कारकिर्दीच्या मध्यास मोगल साम्राज्याचा वार्षिक जमा आकार ८८० कोटी दाम, म्हणजे २२ कोटी रुपये धरला जात होता. त्यापुढे मावळातील काही खोरी आणि काही किल्ले एवढेच भांडवल असलेल्या राजाने उघड्या मैदानात सामना करणे म्हणजे पहिल्याच दिवशी दिवाळे काढण्यासारखे होते. महाराजांनी तसे केले नाही. शत्रूची फौज जिथे नाही आणि पैसा मात्र आहे, असे ठिकाण हेरून तेथे अचानक पोहोचायचे, आणि फौज येण्याच्या आत परत फिरायचे, ही रीत त्यांनी स्वीकारली.

या रीतीचा पहिला मोठा प्रयोग १६५७ मध्ये झाला. मुहम्मद आदिलशहाच्या मृत्यूनंतर दख्खनचा सुभेदार औरंगजेब विजापूरच्या राज्यावर चालून गेला होता. बीदर आणि कल्याणी या किल्ल्यांच्या वेढ्यांत त्याचे सैन्य गुंतले होते. महाराजांची त्याच्याशी बोलणी चालू होती, आणि ती चालू असतानाच एप्रिलच्या अखेरीस एका रात्री मराठ्यांनी दोरांच्या शिड्या लावून जुन्नर शहराचा तट ओलांडला. तीन लाख होन, दोनशे घोडे, जडजवाहीर आणि उंची वस्त्रे हाती लागली. दुसरीकडे मिनाजी भोसले आणि काशी यांच्या तुकड्या भीमा ओलांडून चांभारगोंदे व राशीनपर्यंत गेल्या. अहमदनगरच्या पेठेवर मात्र तसे यश आले नाही. किल्ल्यातील मोगल शिबंदीने प्रतिकार केला आणि पुढे नासिरीखानाने मराठ्यांना गाठून मागे रेटले. पहिल्या व्यवहारात फायदा झाला, दुसऱ्यात तोटा आला, असेच या मोहिमेचे वर्णन करावे लागेल. औरंगजेब मात्र संतापला आणि त्याने आपल्या सरदारांना कडक हुकूम धाडले. त्याच वर्षी शाहजहान आजारी पडला, दिल्लीच्या तख्तासाठी भावाभावांत युद्ध पेटण्याची चिन्हे दिसू लागली आणि औरंगजेबाचे लक्ष उत्तरेकडे वळले. ती संधी साधून ऑक्टोबर १६५७ मध्ये महाराजांनी आदिलशाहीकडील कल्याण व भिवंडी घेतले. पेण, पनवेल, नागोठणे हा टापू त्यामुळे स्वराज्याच्या उत्तर सीमेचा भाग बनला.

सीमेवरच्या माणसाला या घडामोडींची झळ लवकरच बसली. १६६० च्या मे महिन्यात शाइस्तेखान पुण्यात येऊन ठाण मांडून बसला आणि जवळजवळ तीन वर्षे त्याच्या फौजांनी स्वराज्याचा मुलूख उद्ध्वस्त केला. त्याचा सरदार कारतलबखान, सोबत माहूरची रायबागन, असे मोठे सैन्य कोकण घेण्यासाठी घाट उतरले. २ फेब्रुवारी १६६१ च्या सुमारास अंबा नदीच्या खोऱ्यात, आजच्या चावणी गावाजवळ, उंबरखिंडीच्या दाट रानात महाराजांनी त्याला कोंडले. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, प्यायला पाणी नाही, अशा अवस्थेत खानाने शरणागती पत्करली. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात या लढाईचे विस्तृत वर्णन आहे. महाराजांनी खंडणी आणि सामान घेतले व सैन्याला जिवंत जाऊ दिले. तरी त्याच वर्षी मोगलांनी कल्याण जिंकून घेतले आणि पुढील नऊ वर्षे ते त्यांच्याच ताब्यात राहिले. पेणच्या परिसरातील मिऱ्या डोंगरावर नामदारखानाशी झालेल्या झुंजीची नोंद याच काळातील आहे. आज पेणहून पनवेलकडे जाताना कर्नाळ्याचा सुळका दिसतो, तो किल्ला त्या वेळी सीमेवरचा पहारेकरी होता असे म्हटले तरी चालेल.

फौज पोसायची तर पगार हवा, गवत हवे, दाणा हवा. ज्या शेतकऱ्याकडून महसूल यायचा त्याचे शेत शाइस्तेखानाच्या घोडदळाने तुडवलेले. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालावर झालेल्या धाडसी छाप्याने खानाची बोटे गेली आणि त्याची अब्रूही गेली, पण रिकामा झालेला खजिना त्याने भरला नाही. हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय पुढे १६६४ च्या जानेवारीत जे घडले त्याचा उलगडा होत नाही.

त्या काळी सुरत हे मोगल साम्राज्याचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. नुसत्या जकातीचे उत्पन्न वर्षाला बारा लाख रुपये होते. भडोचचे बाफ्ते, अहमदाबादची रेशमी वस्त्रे, माळव्याचा सुती माल, मलबारचे मिरे, इराणचे घोडे, आफ्रिकेचे हस्तिदंत, सारे या एका गावातून जात-येत असे. हज यात्रेची जहाजेही येथूनच निघत. इंग्रज आणि डच यांच्या वखारी येथेच होत्या. आणि या वखारींना भांडवल पुरवणारा, त्यांचा माल घाऊक उचलणारा, बाजारभाव आपल्या मर्जीने वरखाली करू शकणारा माणूस होता वीरजी व्होरा.

वीरजी व्होरा हे लोंकागच्छाचे अनुयायी आणि संघपती. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्यांचे नाव १६१९ पासून येऊ लागते. मिरे, कापूस, पोवळे, पारा, अफू, हस्तिदंत अशा अनेक वस्तूंत त्यांचा व्यापार होता आणि त्यांच्या पेढ्यांचे जाळे दूरवर पसरले होते. मिऱ्याचा सारा साठा एकट्याने खरेदी करून ते भाव ठरवीत, आणि कंपनीचे अधिकारी तक्रार करता करता पुन्हा त्यांच्याच दारी कर्ज मागायला येत. त्यांची संपत्ती ऐंशी लाख रुपयांची असावी असा इंग्रजांचा अंदाज होता. त्या काळातील जगातील सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांत त्यांची गणना झाली ती या अंदाजांवरूनच.

एवढ्या मोठ्या सावकाराला मोगल राज्यात सुरक्षितता तरी किती होती? १६३८ मध्ये सुरतेच्या सुभेदाराने वीरजींना कैदेत टाकले. ते प्रकरण शाहजहानपर्यंत गेले, वीरजी सुटले आणि सुभेदाराची बदली झाली. दाद मिळाली हे खरे, परंतु तुरुंगाची पायरी चढल्यानंतर मिळाली. पुढे १६५७ च्या अखेरीस शाहजादा मुरादबक्ष याने तख्ताच्या लढाईसाठी पैसा उभा करायला आपला माणूस सुरतेवर धाडला. किल्ला घेतला गेला, आणि हाजी झाहिद बेग व वीरजी व्होरा या दोन अग्रगण्य व्यापाऱ्यांकडून पाच लाख रुपये सक्तीचे कर्ज म्हणून उचलण्यात आले. अहमदाबादचे नगरशेठ शांतिदास झवेरी यांच्या घराण्याकडूनही मुरादने साडेपाच लाखांचे कर्ज घेतले. मुराद कैद झाल्यावर त्यापैकी एक लाख फेडण्याचा हुकूम औरंगजेबाने दिला. याच औरंगजेबाने गुजरातचा सुभेदार असताना १६४५ मध्ये शांतिदासांनी बांधलेले चिंतामणी पार्श्वनाथाचे भव्य मंदिर भ्रष्ट करून त्याची मशीद केली होती. पुढे शाहजहानने ती वास्तू परत देण्याचे फर्मान काढले, पण तेथे पुन्हा पूजाअर्चा सुरू होऊ शकली नाही. मोगल सत्तेचा आणि जैन सावकारांचा संबंध हा असा होता. सत्ताधीशाला गरज पडली की सावकार आदरणीय, आणि गरज भागली की परतफेडीची वाट पाहणारा अर्जदार.

अशा या सुरतेवर ६ जानेवारी १६६४ रोजी, बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास शिवाजी महाराज येऊन उभे राहिले. कल्याण आणि दंडाराजपुरी या बाजूंना फौजा जमवून आपण पोर्तुगीजांवर किंवा सिद्दीवर जाणार असा देखावा त्यांनी आधी निर्माण केला होता. प्रत्यक्षात चार हजार निवडक स्वारांनिशी जव्हार, रामनगर या रानावनाच्या वाटेने ते वेगाने गणदेवीस पोहोचले. तोवर सुरतेत कोणाचा विश्वासही बसत नव्हता. सुरतेचा सुभेदार इनायतखान पाचशे शिपायांचा पगार बादशाही खजिन्यातून घेत होता, पण शिपाई प्रत्यक्षात ठेवले नव्हते. शहराला भक्कम तटबंदी नव्हती. जकातीचे बारा लाख घेणाऱ्या सत्तेने ते बारा लाख देणाऱ्या गावासाठी एक धड भिंतही बांधली नव्हती, ही गोष्ट कोणत्याही व्यापाऱ्याच्या मनाला लागल्याशिवाय राहणार नाही. महाराज येत आहेत असे कळताच सुभेदार स्वतः किल्ल्यात जाऊन बसला. गावातल्या काही श्रीमंतांनी लाच देऊन किल्ल्यात आसरा मिळवला, बाकीचे नदी ओलांडून पळाले.

महाराजांनी आदल्या रात्रीच निरोप धाडला होता. सुभेदार, हाजी झाहिद बेग, वीरजी व्होरा आणि हाजी कासीम यांनी स्वतः येऊन खंडणी ठरवावी, नाहीतर शहर लुटले जाईल. या निरोपाला उत्तर गेले नाही. वीरजी त्या वेळी वृद्ध होते. सुभेदार किल्ल्यात दडून बसलेला असताना एकट्या व्यापाऱ्याने काय ठरवायचे होते, हाही प्रश्नच आहे. बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत महाराजांचा तंबू पडला आणि लूट सुरू झाली. डचांच्या वखारीजवळच वीरजींचा प्रशस्त वाडा होता. तो शुक्रवारपर्यंत खणून काढण्यात आला आणि नंतर आगीत भस्मसात झाला. सोने, नाणी, मोती, रत्ने यांनी भरलेली सहा पिंपे तेथून नेली गेली असे डचांच्या वृत्तांतात नमूद आहे. हाजी झाहिद बेगच्या घराचीही तीच गत झाली. वजनाला हलके आणि मोलाला भारी तेवढेच मराठ्यांनी उचलले.

याच दिवसांत आणखी एक घटना घडली. सुभेदाराने तहाची बोलणी करण्याच्या मिषाने एक तरुण वकील पाठवला आणि त्याने महाराजांवर कट्यारीने वार करण्याचा प्रयत्न केला. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला, पण तो महाराजांच्या अंगावर कोसळला. महाराज मारले गेले अशी हूल उठली आणि संतापलेल्या सैन्याला कैद्यांची कत्तल करण्यापासून महाराजांनी स्वतः रोखले. तरी चार कैद्यांची डोकी आणि चोवीस जणांचे हात तोडण्यात आले. शहराचा मोठा भाग जळाला. हे सारे इंग्रज साक्षीदारांनी लिहून ठेवले आहे, आणि ते झाकून ठेवल्याने महाराजांचे मोठेपण वाढते असे मानण्याचे कारण नाही. त्याच साक्षीदारांच्या आणि प्रवाशांच्या लेखांत असेही नमूद आहे की, कॅपुचिन पाद्री अँब्रोज यांच्या मठाला धक्का लागला नाही. आणि डच कंपनीचा दिवंगत दलाल मोहनदास पारेख हा हयातीत फार दानशूर होता असे समजल्यावरून त्याचे घरही वगळण्यात आले. एका हिंदू सावकाराचे घर दानधर्मामुळे वाचले, आणि संघपती वीरजींचे, जे दानधर्मात मागे होते असे मानायला जागा नाही, ते मात्र वाचले नाही. वीरजींचे नाव खंडणीच्या यादीत पहिल्या चौघांत होते आणि त्यांचा पैसा मोगल व्यापाराचा कणा होता, हेच त्याचे कारण असावे. धर्म पाहून घर निवडले गेले असते तर मुसलमान हाजी, जैन संघपती आणि आर्मेनियन व्यापारी यांची नावे एकाच नुकसानीच्या यादीत आली नसती.

रविवारी, १० जानेवारीस, मोगलांची कुमक येत असल्याची बातमी आली आणि महाराज निघून गेले. शहराचे एकूण नुकसान एक कोटीच्या वर होते असा अंदाज केला जातो. बादशहाने व्यापाऱ्यांना एका वर्षाची जकात माफ केली. शहराभोवती विटांचा तट बांधण्याचे कामही मग निघाले. चोरी झाल्यावर कुलूप आणावे, तसा हा प्रकार.

महाराजांच्या बाजूचा युक्तिवाद त्यांच्याच शब्दांचा आशय घेऊन सांगता येतो. १६७२ मध्ये सुरतेकडे चौथाईची मागणी करताना त्यांनी कळवले होते की, तुमच्या बादशहाने मला माझ्या लोकांच्या रक्षणासाठी फौज ठेवणे भाग पाडले आहे, तेव्हा त्या फौजेचा खर्च त्याच्या प्रजेने द्यावा. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर पुण्याच्या रयतेच्या खाती जे नुकसान नावे पडले होते ते सुरतेच्या खात्यातून वसूल झाले. हिशेब जुळतो, पण वही ज्याच्या घरातून भरली गेली त्याने शाइस्तेखानाला पुण्याला धाडले नव्हते, हेही तितकेच खरे. वीरजींसारख्या माणसाने सहा वर्षांच्या अंतराने मोगल शाहजाद्याला सक्तीचे कर्ज दिले आणि मोगलांच्या शत्रूला सक्तीची खंडणी. दोन्ही वेळा त्यांना कोणी विचारले नव्हते.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले. त्यात आपल्या भागातील कर्नाळा, माणिकगड आणि सागरगड होते. आग्र्याहून सुटका झाल्यानंतर १६७० मध्ये ते किल्ले परत घेण्याचा सपाटा सुरू झाला आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सुरतेवर दुसरी स्वारी झाली. या वेळी पंधरा हजारांची फौज होती आणि सहासष्ट लाखांचा ऐवज मिळाला. परतीच्या वाटेवर १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीजवळ दाऊदखान कुरेशीने वाट अडवली. महाराजांनी ऐवज पुढे काढून दिला आणि मैदानातील लढाईत खानाचा मोड केला. डोंगराआडून छापे घालणारे सैन्य आता उघड्यावरही उभे राहू शकत होते.

डिसेंबरात मराठे वऱ्हाडात कारंज्यावर पोहोचले. हे नाव जैन वाचकांना निराळे सांगावयास नको. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर परंपरांच्या भट्टारक पीठांमुळे कारंजा हे मध्ययुगातील विद्येचे आणि ग्रंथभांडारांचे मोठे केंद्र होते. त्या पेठेतून सोने, रुपे आणि उंची कापड चार हजार बैलांवर व गाढवांवर लादून नेण्यात आले. गावातील बहुतेक श्रीमंत पकडले गेले, आणि जे निसटले ते स्त्रीवेष करून, असे वृत्तांत सांगतात. परंतु कारंजा संपले नाही. त्यानंतरच्या काही वर्षांत दक्षिणेची तीर्थयात्रा करणारे श्वेतांबर मुनी शीलविजय यांनी आपल्या 'तीर्थमाले'त कारंज्याच्या धनिकांचे आणि बघेरवाल ज्ञातीतील भोज संघवींच्या औदार्याचे वर्णन केले आहे. पेठेचे सोने गेले, पण पत शिल्लक होती.

मराठी राज्याने आपल्या हद्दीतील व्यापाऱ्याशी कसे वागावे याविषयीची दृष्टी याच्या अगदी उलट होती. ७ डिसेंबर १६७१ रोजी महाराजांनी कुडाळच्या नरहरी आनंदराव यास लिहिलेले पत्र पेणसारख्या मिठागरांच्या गावाने अवश्य वाचावे असे आहे. बारदेशातून येणारे पोर्तुगीज मुलखातील मीठ स्वस्त पडते, त्यामुळे संगमेश्वरकडील मिठाचा व्यापार बुडेल, म्हणून बारदेशच्या मिठावर जकात वाढवावी, असा त्याचा आशय आहे. पुढे १७१५ मध्ये रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात सावकारांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यांना परमुलखातून बोलावून आणावे, पेठांत जागा द्याव्या, त्यांचा मान राखावा, असे त्यात निक्षून सांगितले आहे. ज्या राजाच्या सैन्याने सुरत लुटली त्याच्याच राजनीतीच्या शिदोरीतून हा विचार आला. सावकाराची दौलत कोणाच्या तटाआड आहे यावरून तो शत्रूचे बळ ठरे किंवा राज्याची शोभा ठरे.

१६७० नंतर सुरतेच्या व्यापाऱ्यांची झोप उडाली ती कायमची. नुसती आवई उठली तरी दुकाने बंद होत आणि माल नदीपलीकडे जाई. इंग्रजांनी ही संधी ओळखली. मुंबई बेट त्यांच्याकडे होते, त्याला समुद्राचा खंदक होता, आणि गव्हर्नर जेराल्ड आँजियर व्यापाऱ्यांना तेथे वस्तीला बोलावत होता. १६७७ मध्ये दीवचे मोठे व्यापारी निमा पारख मुंबईत येण्यास तयार झाले, ते आधी लेखी अटी मान्य करून घेऊन. वखारीसाठी जागा, धर्मपालनाचे स्वातंत्र्य, सक्तीच्या पहाऱ्यातून सूट, आणि त्यात एक अट अशी होती की त्यांच्या वाड्याच्या आवारात कोणीही कोणत्याही जिवाची हत्या करू नये. कंपनीने ती मान्य केली.